संत गोरा कुंभार स्टेशनच्या बाई

माझं दुसरं बारसं सिंगापुरातल्या पुंगोलमध्ये झालं. पहिलं सोलापुरात झालं तेव्हा पाळणा होता, घुगऱ्या होत्या, आणि नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी घातलेले बुक्के होते. पाठीत कळ आली की आत्या अजून त्याचं खापर माझ्या नावावर फोडते. दुसऱ्या वेळी यातलं काही नव्हतं. मी नव्या फ्लॅटमध्ये सामान चढवत होतो. डोक्यावर गादी, काखेत पोळपाट, दातांत किल्ली आणि मागे ओरडणारी बायको, अशा थाटात लिफ्टमधून बाहेर पडलो, तेव्हा समोरच्या घराच्या लोखंडी जाळीमागून आवाज आला, "थांबा!"

आवाज असा होता की मी तर थांबलोच, पण डोक्यावरची गादीसुद्धा ताठ झाली. खाली ट्रकजवळ उभे असलेले दोन चिनी हमाल, ज्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तेही थांबले. चौदा मजले खाली! माझी बायको सुजाता म्हणते की हमाल मुळात बिडी ओढायला थांबले होते. तिचं ऐकू नका. माझ्या प्रत्येक गोष्टीतून ती करवजा रक्कम काढून दाखवते.

जाळीमागे एक किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, एक हात जाळीच्या गजावर.

"मराठी ना?"

"हो."

"आजच येताय राहायला?"

"हो, आत्ताच—"

"उभे राहा." त्या आत गेल्या. आत भिंतीवर मिरजेहून आणलेलं मराठी कॅलेंडर टांगलेलं मला दिसत होतं. त्यावर बोट फिरवून त्या परत आल्या. "आज नरहरी सोनार पुण्यतिथी. तुम्ही नरहरी. नशीबवान आहात. काल आला असतात तर कॅलेंडरात नुसती भद्रा होती."

"अहो, पण माझं नाव—"

"ते असू द्या," बाई म्हणाल्या, आणि मी नरहरी झालो. ऑफिसात माझ्या नावाचं शेपूट कापून लोकांनी त्याचा 'सुब' केलेलाच होता, त्यामुळे या देशात माझ्या नावाला तसा काही मान नव्हता. पण गादी खाली ठेवून वळलो तेव्हा एक गोष्ट दिसली आणि हसू ओठातच राहिलं. बाईंच्या जाळीला कुलूप होतं. आणि ते बाहेरून होतं.

बाईंचं नाव इंदुमती केसकर. मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. त्यांनी शिकवलेल्या मुली आज जगाच्या पाठीवर कुठेही हरवत नाहीत असं त्या सांगत. नवरा गेल्यावर मिरजेचं घर बंद झालं आणि बाईंची वाटणी झाली. एक मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला, एक मुलगा सिंगापुरात. आधी त्या मुलीकडे राहिल्या, मग मुलाकडे आल्या. "दोन्हीकडे मी खिडकीतच असते," त्या म्हणत. "फक्त पडद्याचा रंग बदलतो."

नावं ठेवायची ही कला त्या सॅन होजेहून शिकून आल्या होत्या. मी घरून काम करणारा माणूस. दुपारी माझं गेट उघडं, त्यांचं बंद, मध्ये हातभर रुंदीचा कॉरिडॉर. त्या कॉरिडॉरमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थी एकच, आणि तो जेवणाचं ताट घेऊन बसलेला.

"नरहरी, सांगा पाहू, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, सॅन अंतोनियो, सॅन होजे, सांतियागो, एवढे संत एकाच बाजूला कसे काय जमले?"

"संतसंमेलन असेल."

"हात पुढे करा," असं त्या जाळीतून म्हणाल्या, आणि खोटं सांगत नाही, मी हात पुढे केला. हातात गवारीची भाजी पडली. मग धडा सुरू झाला. "स्पेनची माणसं गलबतातून निघाली. सोबत तोफा, पाद्री आणि संतांच्या सणवारांचं कॅलेंडर. किनारा दिसला की पाद्री कॅलेंडर उघडणार. आज कोणाचा दिवस? संत अंतोनियोचा? झालं, नदीचं नाव सॅन अंतोनियो. पुढे त्या नदीकाठी गाव वसलं, गावालाही तेच नाव. सगळ्याच गावांचं असं नाही हं. काहींना एखाद्याच्या लाडक्या संताचं नाव मिळालं, काहींना गलबताचं. पण पुष्कळदा पद्धत हीच. आणि बरेचसे संत मुळात स्पॅनिश नव्हतेच. फ्रान्सिस इटलीचा. नाव ठेवणारे तेवढे स्पॅनिश."

"आणि कॅलेंडरात कुणीच नसलं तर?"

"त्यांच्या कॅलेंडरात रिकामा दिवस नसतो. आपल्यासारखी भद्रा नाही त्यांच्यात." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर त्या पाद्र्यांविषयी कौतुक होतं, एखाद्या शिस्तीच्या सहशिक्षकाविषयी असावं तसं. "किती सोपी पद्धत बघा. परक्या मुलखात उतरायचं आणि आपल्या माणसांची नावं पेरत जायचं. मग ते परकं राहत नाही."

बाईंनी पुंगोल असंच पेरून काढलं होतं. त्या सिंगापुरात उतरल्या त्या दिवशी गोरा कुंभारांची पुण्यतिथी होती, म्हणून घरासमोरचं एलआरटीचं, म्हणजे छोट्या स्थानिक रेल्वेचं, स्टेशन झालं संत गोरा कुंभार. इमारतीच्या तळाशी जी मोकळी जागा असते, जिथे म्हातारे लोक बसतात, ते सावता माळी. बाजारहाटाचं दुकान सेना न्हावी. शेजारच्या मिसेस लिम, ज्या रोज कुंड्यांशी भांडत, त्या मुक्ताबाई. कॉरिडॉरमधलं लठ्ठ मांजर, जे कुठेही पाय पसरून झोपायचं, ते विसोबा खेचर. ते एकच नाव मात्र बाईंनी कॅलेंडर न बघता ठेवलं होतं. मिसेस लिमना आपल्याला मुक्ताबाई म्हणतात याचं काही वाटत नसे. त्या हात हलवून म्हणत, "कॅन, कॅन. एनिथिंग कॅन."

आता कुलपाची गोष्ट. ती मी येण्यापूर्वी घडली होती, पण मला ती इतक्या वेळा आणि इतक्या तोंडांनी ऐकायला मिळाली की मी स्वतः तिथे हजर होतो असंच धरून चालतो.

बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, पाण्याची एक करडी पट्टी दिसायची. पट्टीच्या पलीकडे मलेशिया. जोहोरची सामुद्रधुनी. बाईंनी सामुद्रधुनी म्हणजे काय ते मुलींच्या पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं: दोन मोठ्या जलाशयांना जोडणारा पाण्याचा चिंचोळा पट्टा. ती घोकताना कितीतरी मुलींनी छडी खाल्ली. आणि बाईंनी स्वतः सामुद्रधुनी पाहिली ती सत्तरीत, ओट्यासमोरच्या खिडकीतून, कुकरच्या शिट्टीच्या वाफेआडून. "भूगोल पायांनी शिकायचा असतो," त्या म्हणत. "आम्ही छडीनं शिकवला." त्यांना एकदा त्या पाण्यात पाय बुडवायचा होता. तेवढंच.

मुलगा अनिकेत म्हणायचा, आई, या शनिवारी नक्की. शनिवारी नातीचा, ईराचा, पोहण्याचा क्लास. रविवारी तिचं मॅंडरिन. मधल्या वेळात मॉल. सिंगापुरातले सगळे मॉल बाईंनी पाहिले, विमानतळावर घरात पडणारा धबधबा पाहिला, खोटे डोंगर पाहिले, पण खिडकीतून दिसणारं खरं पाणी काही जवळ येईना. शेवटी एके दिवशी, सगळे घराबाहेर पडल्यावर, बाई पायात चपला सरकवून संत गोरा कुंभार स्टेशनावर गेल्या आणि गाडीत बसल्या.

आता पुंगोलची एलआरटी ही काय चीज आहे ते सांगतो. गाडीला ड्रायव्हर नाही, गार्ड नाही. रूळ गोल. घाण्याच्या बैलासारखी ती फिरत राहते. पूर्वेचा एक फेरा, पश्चिमेचा एक. पश्चिमेला जायचं तर मधल्या मोठ्या स्टेशनवर बदलावी लागते. बाईंनी बदलली नाही. दोन्हीकडे सारख्या इमारती, सारखे कपडे वाळत घातलेले बांबू, सारखी झाडं. बाई फिरल्या. पुन्हा फिरल्या. माझ्या हिशेबाने त्या दिवशी त्या गाडीत बसून जेवढं अंतर फिरल्या तेवढ्यात स्पेनहून गलबत निघून सॅन होजेला लागलं असतं. आपलं स्टेशन पाच-सहा वेळा समोरून गेलं तरी बाईंना ते ओळखू आलं नाही, कारण पाटीवर गोरा कुंभार लिहिलेलं नव्हतं.

मोठ्या स्टेशनावर एका भल्या बाईने त्यांना उतरवून घेतलं. "आंटी, व्हेअर यू स्टे?"

बाई म्हणाल्या, "संत गोरा कुंभार. ऑपोझिट सावता माळी."

"ब्लॉक नंबर?"

बाईंना ब्लॉक नंबर माहीत नव्हता. मुलाचा फोन नंबर घरच्या फोनमध्ये होता, आणि फोन घरी. ज्या बाईंनी जन्मभर नकाशे भरून घेतले, त्यांना स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येईना, कारण पत्त्यातलं प्रत्येक नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं आणि ते त्यांच्याखेरीज जगात कुणालाच माहीत नव्हतं. मुलाचं आणि त्याच्या बँकेचं नाव तेवढं त्यांनी सांगितलं. त्यावरून पोलिसांनी अनिकेतला फोनवर गाठलं तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. तो टॅक्सीने आला. आईला घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी कुलूप आलं.

तर मी त्या कुलपासमोर राहायला आलो, आणि आठवड्याभरात अनिकेतने मला एक किल्ली आणून दिली. "बॉस, तू घरीच असतोस. आगबिग लागली, काही झालं तर उघड. पण असंच उघडू नकोस हं, प्लीज." मी आयुष्यात अनेक पदं भूषवली, गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झालो, पण उपजेलर पहिल्यांदाच झालो.

किल्ली मी देवघरात ठेवली. रोज दुपारी पलीकडे जाळीवर बाईंचा हात असायचा, बोटं गजांभोवती. कधी त्या धडा सांगायच्या, कधी नुसत्या उभ्या राहायच्या. एकदा विचारलं, "नरहरी, खाली काय चाललंय?"

"काही नाही. सावता माळीत लग्नाचा मांडव घालतायत. मलाय लोकांचं लग्न दिसतंय."

"रंग कोणता मांडवाचा?"

"जांभळा."

"आणि?"

मी फेकायला सुरुवात केली. नवरदेव हत्तीवरून आला, सासऱ्याने हत्तीला लिफ्टमध्ये घालायचा प्रयत्न केला, नगरपालिकेने हत्तीला पार्किंगची पावती फाडली. बाई गालातल्या गालात हसत होत्या. मग म्हणाल्या, "छान सांगता. पण नरहरी, खोटं ऐकायला माणूस बाहेर जाऊ शकणारा असावा लागतो. मला आपलं खरं सांगत जा." त्या दिवशी मी ताट तसंच ठेवून उठलो. हे मात्र सुजातालाही मान्य आहे.

मी अनिकेतशी भांडायचं ठरवलं. लिफ्टमध्ये गाठलं. चौदा मजल्यांत माणसाला पळायला जागा नसते. म्हटलं, "अरे, आई आहे ती. तिला पिंजऱ्यात ठेवतोस?"

त्याने लिफ्टच्या बदलत्या आकड्यांकडे मान वळवली. मग म्हणाला, "तुला बाबांचं माहितीय?"

मला माहीत नव्हतं. बाबा पेन्शनच्या कामाला एकटेच सांगलीला गेले होते. रस्त्यात कोसळले. खिशात सुटे पैसे आणि बसचं तिकीट, बाकी काही नाही. लोकांनी उचलून इस्पितळात नेलं. इकडे मिरजेत बाई वाट बघत होत्या, शेजारी बसस्टँड धुंडाळत होते. शेजाऱ्यांना सापडले ते दुसऱ्या दिवशी, बेशुद्ध; त्यातच ते गेले, आणि बाईंना त्या खाटेपर्यंत कुणी जाऊ दिलं नाही. "मी विमानाने पोचलो ना," अनिकेत म्हणाला, "तेव्हा खाटेच्या डोक्याशी अजून तोच कागद होता. 'अनोळखी इसम.' माझे बाबा, बॉस. अख्खी मिरज ओळखायची त्यांना. आणि त्या दिवशी स्टेशनवर पोलीस मला काय म्हणाला माहितीय? ही लेडी स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही."

लिफ्ट तळाला लागली, दार उघडलं, बंद झालं. आम्ही दोघेही बाहेर पडलो नाही. भांडायला गेलेला मी त्याच्याबरोबर पुन्हा वर आलो.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. खरं सांगा म्हणाल्या होत्या ना. मिठाचा एक खडासुद्धा वरून टाकला नाही. बाई जाळी धरून उभ्या होत्या. कागदाचं त्यांना माहीत नव्हतं. अनिकेतने ते आईपासून लपवलं होतं. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "नरहरी, त्या पाद्र्यांच्या धड्यात मी एक प्रश्न कधी विचारलाच नाही."

"कोणता?"

"गलबत किनाऱ्याला लागलं तेव्हा किनाऱ्यावर माणसं होती. ती तिथंच राहत होती. त्यांनी त्या नदीला काहीतरी नाव ठेवलेलंच असणार की. विचारायचं होतं ना." त्यांनी वळून आतल्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मीही नाही विचारलं. आले, कॅलेंडर उघडलं आणि मोकळी झाले. स्टेशनाला स्वतःचं नाव असेल हे मनातच आलं नाही माझ्या. समोरच्या स्टेशनला काय म्हणतात हो?"

"मेरिडियन."

बाईंनी गज सोडला. "मेरिडियन? म्हणजे रेखावृत्त?"

"हो."

"मी जन्मभर रेखावृत्तं शिकवली, आणि घरासमोर रेखावृत्त उभं असताना त्याला गोरा कुंभार म्हणतेय?" त्यांना इतकं हसू आलं की विसोबा खेचर उठून पळाला. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "उद्यापासून वर्ग उलटा. तुम्ही शिकवायचं, मी शिकणार."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. बाईंनी पुंगोल पहिलीपासून शिकायला घेतलं. मी एलआरटीचा नकाशा आणून जाळीला चिकटवला. दुपारी शाळेतून आली की ईरा आजीची उजळणी घ्यायची, कमरेवर हात ठेवून, "आजी, नॉट लाइक दॅट लाह! से अगेन!" आणि बाई शहाण्या मुलीसारख्या पुन्हा म्हणायच्या. पश्चिमेच्या फेऱ्यात, अगदी पाण्याच्या जवळ, एक स्टेशन निघालं समुदेरा. अर्थ मिसेस लिमनी सांगितला. मलाय शब्द, मीनिंग, सी, व्हेरी बिग सी. बाई नकाशावर बोट ठेवून तशाच राहिल्या. "म्हणजे समुद्रच की. मी जे शोधत भोवऱ्यासारखी फिरत होते, ते पाटीवर लिहून ठेवलं होतं लोकांनी. पश्चिमेची गाडी धरायची आणि पाटी वाचायची, एवढंच काम होतं."

त्याच दिवशी त्यांनी मिसेस लिमना विचारलं, "यू. युअर नेम? नॉट हजबंड नेम. युअर नेम."

मिसेस लिम कुंडीत पाणी घालत होत्या. झारी तशीच वाकडी राहिली आणि पाणी कॉरिडॉरभर गेलं. "माय नेम आह?" त्या म्हणाल्या. "सो लाँग नोबडी आस्क." मग जरा लाजून सांगितलं, "ग्योक चू."

"ग्योक चू," बाई म्हणाल्या. उच्चार चुकला. त्यांनी तो मिसेस लिमचं समाधान होईपर्यंत दुरुस्त केला. मुक्ताबाई त्या दिवशी पुंगोलमधून अंतर्धान पावल्या.

परीक्षा एका रविवारी झाली. मागणी बाईंचीच. "अनिकेत, माझी तोंडी परीक्षा घे. पास झाले तर किल्ली दे." बाह्य परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं, मानधन साबुदाण्याची खिचडी. सून केतकी काकडीची कोशिंबीर वाढत जीव मुठीत धरून ऐकत होती. अनिकेत विचारत गेला आणि बाई उभ्या राहून सांगत गेल्या, हो, उभ्या राहून, हात मागे बांधून. पूर्वेची स्टेशनं, पश्चिमेची स्टेशनं, उलट क्रमाने स्टेशनं. गाडी कुठे बदलायची. ब्लॉक, मजला, घर, पिनकोड, मुलाचा फोन, सुनेचा फोन. शेवटी इंग्रजीत, "माय नेम इज इंदुमती केसकर. माय सन इज अनिकेत. आय ॲम नॉट लॉस्ट." मी तर टाळ्याच वाजवल्या. एवढ्या जोरात की खालच्या मजल्यावरच्यांनी खराट्याने छत ठोकलं.

अनिकेत प्लेटकडे बघत होता. "पास आहेस, आई," तो म्हणाला. "पण किल्ली नको. मला जमणार नाही."

खिचडी गार होत होती.

बाई म्हणाल्या, "पास झालेल्या मुलीला वरच्या वर्गात घालतात रे. त्याच वर्गात कोंडून नाही ठेवत." आवाज चढला नव्हता. "तुझ्या बाबांच्या उशाशी काय कागद होता ते मला कळलंय. त्यांना सांगता येत नव्हतं, राजा. त्यांची शुद्ध हरपली होती. माझी हरपलेली नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला कुलूप घालू नये."

अनिकेत उठून बाल्कनीत गेला. ईरा इकडे तिकडे बघून मोठ्याने म्हणाली, "पप्पा, आजी गॉट फुल मार्क्स, व्हॉट. व्हाय यू नेव्हर गिव्ह हर द प्राइज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेट उघडलं तेव्हा समोरचं कुलूप जाळीला उघडं लटकत होतं, आणि बाई चपला घालून, पर्स गळ्यात अडकवून उभ्या होत्या. "येते, नरहरी," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

आता मी काही त्यांचा पाठलाग करणार नव्हतो. मला अंडी आणायची होती, एवढंच. फक्त ती अंडी समुदेराला मिळतात असं मला त्या सकाळी प्रकर्षानं वाटलं. गाडीच्या मागच्या डब्यात चढलो तर तिथे तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर टोपी ओढून अनिकेत बसलेला. ऑफिसला आजारी असल्याचं कळवून. आणि त्याच्या शेजारी, भाजीची ट्रॉली छातीशी धरून, मिसेस लिम. आम्ही तिघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. पुढच्या डब्यात बाई ताठ बसल्या होत्या. मोठ्या स्टेशनावर त्या उतरल्या, फलाटावरची पाटी वाचली, पुन्हा वाचली, पश्चिमेच्या गाडीत बसल्या. अनिकेतने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा अजून तिथे उमटलेला दिसतो.

समुदेराला बाई उतरल्या. वाटेत एका झाडूवाल्या काकांना थांबवून काहीतरी विचारलं. त्याने हात लांब करून दाखवलं. पुढे त्या, त्यांच्या मागे झाडामागून झाडामागे आम्ही तिघं, ट्रॉलीचं चाक कुईकुई वाजतंय. अख्खं पुंगोल बघत होतं. झाडावरची माकडंसुद्धा. (पुंगोलला माकडं नाहीत, असं सुजाता म्हणते. त्या दिवशी होती.)

मग पाणी आलं. मातकट, शांत, पलीकडे जोहोरच्या क्रेन आणि कारखान्यांच्या चिमण्या, मधून एक मच्छीमार होडी चाललेली. बाईंनी चपला काढून नीट जोडीने ठेवल्या, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि आत एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. ओंजळीत थोडं पाणी घेऊन चाखलं. मग, वर्गात म्हणतात तशा खड्या आवाजात, मलेशियाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन मोठ्या जलाशयांना जोडणारा पाण्याचा चिंचोळा पट्टा." आणि पाठ न वळवता त्याच आवाजात, "अनिकेत, पाय ओले करायचे असले तर बूट काढून ये. ग्योक चू, कम, कम. नरहरी, तो खांब तुमच्या पोटापेक्षा बारीक आहे. या बाहेर."

अनिकेत बूट न काढताच पाण्यात गेला. आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली, आणि मी पलीकडच्या चिमण्या मोजायला लागलो, कारण तिकडे बघणं बरं नव्हतं.

त्यानंतर बाई रोज फिरल्या असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण माणसाची सुटका कधी पुरी होत नाही. काही आठवड्यांतच सॅन होजेहून फोन आला. मुलीला दुसरं बाळ होणार होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. बाई निघाल्या. जायच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बॅगा, टॅक्सी खाली उभी, ईरा मांडीला चिकटलेली, या गोंधळात बाईंनी मला नमस्कार केला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि लिफ्टचं दार मिटलं. उघडं कुलूप अजून तिथे जाळीला लटकतंय. अनिकेत ते काढतही नाही, लावतही नाही.

मध्यंतरी एका दुपारी फोन वाजला. सॅन होजेत तेव्हा रात्र असते. बाळाला मांडीवर घेऊन बाई जाग्या होत्या. "इथं आल्याबरोबर पत्ता पाठ केला बरं का," त्या म्हणाल्या. "मग लेकीला म्हटलं, पाठ झालाय, आता मला सोड बाहेर. तर म्हणते, आई, दार उघडंच आहे. जाणार कुठे तू? आणि खरंच हो. दाराबाहेर रस्ता, रस्त्यावर मोटारी. दुकान गाडीशिवाय नाही, माणूस गाडीशिवाय नाही. इथं कुलूप लावायला लागतच नाही."

हत्तीची गोष्ट आठवली, पण ती सांगितली नाही.

"इथं स्पॅनिश यायच्या आधी या खोऱ्याला काय म्हणायचे ते शोधतेय," बाई सांगत होत्या. "जावई शनिवारी लायब्ररीत सोडतो. सापडेल. बरं, फोन त्यासाठी नाही केला. एक विचारायचं राहून गेलं माझं. मांजर सोडून सगळ्यांचं विचारलं, आणि रोज समोर बसून माझ्या हातची गवार खाणाऱ्या माणसाचंच नाही विचारलं. तुमचं नाव काय हो?"

घसा खाकरून मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, शाळेतल्यासारखं, आडनाव आधी.

मग पलीकडून, हजेरी घेताना घेतात तसं, एकेक अक्षर सुटं करत, "कोळेकर सुभाष गणपत."

माझ्या वडिलांचं नाव सिंगापुरात माझ्याखेरीज कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

"हजर, बाई," मी म्हणालो.

"बसा," बाई म्हणाल्या. पण मी उभाच राहिलो, जाळीचा गज धरून.